जुनी १०० सीसी बाईक घ्यायची तर कोणती?
भाऊ, यामाहाची टू स्ट्रोक आरएक्स १०० म्हटलं की सगळे वेडे होतात, ९८ सीसीत ११ बीएचपी ताकद, १९९६ ला बंद झाली म्हणून भाव पण चढलेला. पण घरी ठेवायलाच घ्यायची त माझं मत कावासाकी बजाजच्या केबी १०० ला, ती पण टू स्ट्रोक, तिचा कार्बोरेटर इंजिनच्या उजव्या कव्हरमधे लपलेला, रोटरी व्हॉल्व्ह ना, म्हणजे पेट्रोल-हवा आत सोडणारी फिरती चकती. हिरो होंडाची सीडी १०० फोर स्ट्रोक, बिनकटकटीची, पण मजा नाही.

पाहायला जाल तेव्हा आधी इंजिनला हात लावा, गरम असेल त समजा मालकानं आधीच चालू करून ठेवलीय. टू स्ट्रोकचा सायलेन्सर खोलून पोर्टात, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकात, टॉर्च मारा, पिस्टनवर उभ्या रेघा दिसल्या की बोअरचा, म्हणजे सिलिंडर आतून घासून घ्यायचा, खर्च भावातून कापा. चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवाच, मी नाही जुळवला, दोन मे महिने आरटीओच्या उन्हात काढले.