मातीवर प्रोजेक्ट घेताय? मग मशीनच्या आधी सॅम्पलिंगचं बघा

मातीचा ऱ्हास, धूप, प्रदूषण असला विषय घेतला की सुरुवातीला सगळ्यांचं एकच होतं, टायटल एवढं मोठं ठेवतात की त्यात अख्खं नदीखोरं बसेल. गाईडलाही ऐकायला बरं वाटतं. पण हातात वेळ थोडा, लॅबमधलं मशीन सगळ्यांच्यात एक, त्यामुळे प्रश्न छोटा करावाच लागतो. नाल्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतात शिसं नि कॅडमियम शेजारच्या, त्या पाण्यावर न भिजणाऱ्या शेतापेक्षा जास्त आहे का, एवढा प्रश्न एका थेसिसला पुरून उरतो.

आणि ते शेजारचं शेत नीट निवडणं हे माझ्या मते निम्मं काम आहे. बेसाल्टपासून बनलेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं, तिथे कारखाना असो वा नसो. तुलनेची जागा त्याच मातीची, तशाच उताराची नसेल तर मोठा आकडा आला म्हणून खूश होण्यात काही अर्थ नाही, व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येणार. शिवाय अ‍ॅक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं तीव्र मिश्रण) विरघळवून मिळतो तो जवळपास एकूण धातू, पिकाला त्यातला किती मिळतो ते वेगळं. पिकाला मिळू शकणारं जस्त, तांबं, लोह, मँगनीज मोजायला लिंडसे-नॉर्वेलची १९७८ ची डीटीपीए (धातू पकडून द्रावणात आणणारं रसायन) पद्धत वापरतात, दोन्ही आकडे एकाच ग्राफमध्ये टाकू नका.

ज्युनिअर लोक विचारतात कुठलं मशीन चांगलं, मी विचारतो खणलंत कशाने. जस्त तपासायचंय आणि माती गोळा केली गॅल्व्हनाइज्ड बादलीत, तर बादलीवरचंच जस्त मोजलं जाणार. धातूंसाठी प्लास्टिकचं किंवा लाकडी साहित्य घ्या. झाडाखाली, बांधाला लागून, शेणखताच्या ढिगाजवळ खणू नका, वर पडलेला काडीकचरा बाजूला करा, व्ही आकाराचा १५ सेंमी खड्डा घ्या आणि एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. नंतर सावलीत वाळवून २ मिमीच्या चाळणीतून चाळायचं. पिशवीवर मार्करने लिहिलेलं ओल्या मातीने पुसतं, म्हणून पेन्सिलने चिठ्ठी लिहून दुसऱ्या छोट्या पिशवीत घालून आत टाका, आणि जीपीएस रीडिंग वहीतही उतरवा. आणि हो, एकाच पिशवीतली माती तीनदा तपासली म्हणजे तीन रेप्लिकेशन (शेतातले स्वतंत्र नमुने) झाली नाहीत!! त्यातून फक्त तुमच्या लॅबच्या कामात किती फरक पडतो ते कळतं, शेताबद्दल काहीच नाही.

धूपवाल्यांचं गणित वेगळं. एका हेक्टरवरून १ मिमी थर गेला आणि बल्क डेन्सिटी (पोकळ्यांसकट मातीची घनता) १.३ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर ती १३ टन माती होते, आणि तो १ मिमी डोळ्याला दिसतच नाही. म्हणून जमिनीत ठोकून किती उघडे पडले ते मोजायच्या नुसत्या खिळ्यांच्या भरवशावर एका पावसाळ्याचा निष्कर्ष काढायला मला भीती वाटते, खाली वाहून आलेला गाळ अडवून वाळवून वजन करणं किचकट असलं तरी जास्त पटतं. बाकी आजकाल यूएसएलई (धुपेचा अंदाज काढायचं समीकरण) घेऊन जीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) लालपिवळा नकाशा काढला की झालं असं चाललंय. ते समीकरण २२.१३ मीटर लांब, ९ टक्के उताराच्या प्लॉटला प्रमाण धरून बसवलेलं आहे, ते पत्र्यासारखी सरसकट धूप आणि ओघळी मोजतं, घळी मोजत नाही आणि खाली साचलेली मातीही धरत नाही. हे माहीत असेल तर जरूर वापरा. फक्त शेतात काम करायच्या परवानग्या पावसाच्या आधी घ्या, नाहीतर अख्खं वर्ष गेलंच.

लॅबमध्ये वॉकली-ब्लॅक (१९३४), म्हणजे डायक्रोमेट वापरून मातीतला सेंद्रिय कार्बन मोजायची पद्धत, प्रत्येकाच्या वाट्याला येतं. रंग दाखवायला डायफेनिलअमाइन असेल तर निळसर जांभळा रंग शेवटच्या थेंबाला एकदम हिरवागार होतो, तेव्हा ब्युरेट थेंबाथेंबानेच सोडायची. यात साधारण ७७ टक्केच कार्बन पकडला जातो, म्हणून १.३ ने गुणतात, आणि खारवट मातीत क्लोराइडमुळे आकडा फुगतो. उरलेलं द्रावण मात्र क्रोमियमचं असतं, प्रदूषणावर थेसिस लिहिणारी मंडळीच ते बेसिनमध्ये ओततात ही गंमत बघून घ्या. वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि तो कॅन पुढे कुठे जातो ते लॅबवाल्यांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, तो पटकन भरतो.