ज्येष्ठांची खोली, बारीक धूळ आणि हृदय: एअर प्युरिफायर कसा निवडावा, कसा चालवावा

दिवाळीनंतर ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही इमारतीत खिडकीच्या ग्रिलवरून बोट फिरवा, राखाडी होईल. मेट्रोचं काम, नव्या टॉवरांची बांधकामं, रात्रभर धावणारे डंपर. पण ही धूळ निदान फडक्याने निघते. हृदयासाठी काळजी करायची ती पीएम २.५ ची, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, शरीरात दाह वाढवतात, रक्तवाहिन्या आखडतात, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. तरण्याताठ्या माणसाला यातलं काही जाणवत नाही. बीपीची गोळी चालू असलेल्या, स्टेंट बसवलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला मात्र हा जादा ताण झेपेलच असं नाही.

घरातली हवा गाळून खरंच फरक पडतो का? अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये ज्येष्ठांच्या इमारतीत राहणाऱ्या, धूम्रपान न करणाऱ्या ४० जणांच्या घरी तीन-तीन दिवस फिल्टर चालवून पाहिले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वरचा रक्तदाब सरासरी ३ अंकांनी उतरला. त्याआधी कोपनहेगनमध्ये ६० ते ७५ वयाच्या जोडप्यांच्या घरी दोन दिवस हवा गाळल्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं काम सुधारलेलं दिसलं. तीन अंक ऐकायला किरकोळ वाटतात, पण गोळ्या चालूच ठेवून वर मिळणारा हा फायदा आहे. हार्ट अ‍ॅटॅक टळतो का, हे इतक्या छोट्या अभ्यासांनी तपासलेलं नाही. तेव्हा दुकानदार तसं सांगू लागला तर हसून पुढे चला.

१. मशीन आणण्याआधी घरातला धूर आवरा

बंद घरात सुक्या मिरचीची फोडणी दिली की प्युरिफायरचा हिरवा दिवा बघता बघता लाल होतो. म्हणून एक्झॉस्ट फोडणीच्या आधी लावा आणि गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं राहू द्या. देवघरात उदबत्ती-धुपाऐवजी निरांजन चालेल का, हे घरच्या मोठ्यांनाच विचारा. त्यांच्या पूजेत परस्पर बदल केलात तर प्युरिफायरही त्यांना आवडणार नाही. उदबत्ती हवीच असेल तर एकच, तीही उघड्या खिडकीजवळ. डासांची कॉइल मात्र बंदच करा, त्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी. केर काढताना धूळ उडते, म्हणून झाडूऐवजी ओलं फडकं.

२. एकच खोली निवडा

अख्ख्या टू-बीएचकेसाठी एक मशीन हॉलमध्ये ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ज्येष्ठ माणूस रात्रीचे आठ तास आणि दुपारची झोप ज्या खोलीत घेतो, ती खोली धरा. दार बंद राहील याची खात्री करा. सगळी गाडी इथेच अडते. रात्री हाक ऐकू येणार नाही या भीतीने आजी दार उघडं ठेवतात. उशाशी कॉलबेल ठेवा, ती भीती जाते.

३. दुकानात जाण्याआधी हिशोब करा

किमतीआधी सीएडीआर बघा, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. खोली १० बाय १२ फुटांची आणि उंची १० फूट असेल तर १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा झाली. ती तासाला पाच वेळा गाळली जावी, म्हणून ३४ गुणिले ५, म्हणजे १७०. पण हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो. रात्री आवाजामुळे आपण वेग कमी करणार. म्हणून २५० च्या पुढचं घ्या.

फिल्टर हेपाच हवा, म्हणजे अतिबारीक कणही अडवणारा, शक्यतो एच-१३ दर्जाचा. खोक्यावर ‘हेपा टाइप’ लिहिलेलं असेल तर दोनदा विचारा, तो खरा हेपा असेलच असं नाही. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन फुप्फुसांना घातक असतो. आयोनायझर, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग, असेल तर बंद ठेवता येतो ना, ते बघा. नवी मुंबईत तळोजा किंवा तुर्भ्याच्या बाजूला वासाचा त्रास असेल तर कार्बनचा थर जाडसर घ्या, पातळ जाळीने विशेष काही होत नाही. आणि बदली फिल्टरची किंमत आधीच विचारा. स्प्लिट एसी हे काम करत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो आणि त्याच्या जाळीत अडकते ती जाडी धूळ.

४. मांडणी

नव्या मशीनमधला फिल्टर बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला येतो. झाकण उघडून ती पिशवी काढा. हसू नका, ती तशीच ठेवून महिनोन्महिने मशीन चालवणारी घरं असतात. भिंतीपासून आणि पडद्यापासून फूटभर लांब, पलंगाच्या जवळ, पण झोत थेट चेहऱ्यावर येणार नाही असं ठेवा. वायर वाटेत नको. रात्री बाथरूमला उठताना पाय अडकला तर भलतंच व्हायचं.

झोपायच्या आधी अर्धा तास पूर्ण वेग, मग रात्रभर झेपेल तितका. ‘पंखा असताना हे घोंघावणारं कशाला लावलंय? बिल किती येईल!’ हे ऐकावं लागेलच. ४० वॉटचं मशीन चोवीस तास चाललं तरी दिवसाला एक युनिटही पुरतं जळत नाही, एवढं सांगा.

५. खिडकी कधी उघडायची

थंडीत रात्री आणि पहाटे गार हवा जमिनीलगत साचते, धूर वर जात नाही. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा मंद असतो. दुपारी खारे वारे सुटले की हवा मोकळी होते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत खिडक्या सकाळी बंद आणि दुपारी तासभर उघड्या. दिवसभर कोंडून घेऊ नका, प्युरिफायर ताजी हवा आत आणत नाही. ठाण्यात उपवनला किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडला पहाटे पाचला फिरायला जाणाऱ्यांनी ती फेरी ऊन आल्यावर मारावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक दिसतो. तो २०० च्या वर असेल तर त्या दिवशी घरातल्या घरातच चाला.

६. बीपी मोजा, पण गोळीला हात लावू नका

मशीन लावण्याआधी आठवडाभर आणि नंतर काही आठवडे, रोज एकाच वेळी बीपी मोजून वहीत लिहा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात हृदयाच्या पातळीला, गप्पा बंद. आकडे उतरलेले दिसले तर वही डॉक्टरांना दाखवा, गोळी कमी करायची की नाही ते ठरवतील. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अचानक धाप, घाम यांपैकी काही झालं तर मशीनकडे बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

७. देखभाल

बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी काढा. बांधकामाजवळच्या घरात तिच्यावर नमद्यासारखा राखाडी थर बसलेला दिसेल. तो ओल्या फडक्याने टिपा किंवा कंपनीने सांगितलं असेल तर जाळी धुऊन पूर्ण वाळवा. आतला हेपा कधीही धुवायचा नाही. तो काळपट झाला, झोत मंदावला की बदला. फिल्टर बदलताना मास्क लावा, गॅलरीत काढून थेट पिशवीत गुंडाळा, आणि हे काम आजोबांकडे देऊ नका. पावसाळ्यात बाहेरची हवा बरीच धुऊन निघते, तेव्हा मशीनला सुट्टी देता येते. जूनमध्ये ओल धरायच्या आत फिल्टर कोरडा करून हवाबंद पिशवीत ठेवा. भिंतीला बुरशी येणारी खोली असेल तर मात्र मशीन पावसाळाभर चालू राहू द्या आणि गळतीचं काम आधी करून घ्या.