बीप टेस्टची फाइल स्वतःच बनवा

बीप टेस्टमध्ये आवाजाच्या फाइलमधल्या बीपच्या तालावर वीस मीटरवरच्या दोन रेषांमध्ये ये-जा पळायचं असतं; प्रत्येक लेव्हलला, म्हणजे टप्प्याला, वेग वाढतो. तीन महिने घाम गाळून माझ्याकडची एक मुलगी आधीच्या चाचणीपेक्षा दोन लेव्हल आधीच थांबली. बुटांच्या नाड्या सोडत बराच वेळ खाली मान घालून बसली होती. सरावात ती सुधारलेली मला रोज दिसत होती, म्हणून घरी येऊन ती फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पहिल्या लेव्हलला दोन बीपमध्ये ८.४७ सेकंद हवेत, तिथे जेमतेम ८.१ होते. फाइल कुठून तरी उतरवून घेतलेली, आणि मी ती न तपासता वापरली होती. तेव्हापासून बीप मी स्वतः बनवते. तासाभराचं काम आहे.

ही वीस मीटरची शटल रन, म्हणजे ये-जा धाव, लुक लेजे यांनी १९८२ मध्ये मांडली. सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने होते आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात वेग लिहा: ८.५, ९, ९.५ असे. शेजारच्या रकान्यात ७२ भागिले वेग. आलेलं उत्तर म्हणजे वीस मीटरला लागणारे सेकंद: ९ ला ८.००, १० ला ७.२०, १२ ला ६.००. तिसऱ्या रकान्यात ६० ला त्या सेकंदांनी भागून जवळचा पूर्णांक घ्या. तेवढ्या फेऱ्या त्या लेव्हलला.

आता ऑडॅसिटी, ते फुकट मिळतं. जनरेट मेनूतून ०.२ सेकंदांचा टोन घ्या, मग सायलेन्स. इथे बहुतेक जण चुकतात. शांतता ८.४७ ची नाही, ८.२७ ची ठेवायची, कारण बीपचाही वेळ त्यातच मोजला जातो. हे विसरलात तर पहिल्या सात फेऱ्यांतच १.४ सेकंद वाढतात. एक जोडी तयार झाली की कॉपी करून हव्या तेवढ्या वेळा चिकटवा. लेव्हल बदलताना दोन बीप लागोपाठ द्या. सगळं झाल्यावर मधली कुठलीही एक लेव्हल निवडून तिची लांबी स्प्रेडशीटशी ताडून बघा.

मैदानावर वीस मीटर टेपनेच मोजा, पावलांनी नको. फोनमधला प्लेबॅकचा वेग १ वर आहे ना, ते पाहा. ब्लूटूथ स्पीकरला आवाज किंचित उशिरा येतो, पण प्रत्येक बीपला तेवढाच उशीर होत असल्याने दोन बीपमधलं अंतर बदलत नाही. लागोपाठ दोनदा रेषा गाठता आली नाही की तो खेळाडू थांबला. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी थांबवा. हृदयाचा त्रास असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरवूच नका.

वहीत लेव्हलबरोबर शेवटचा वेगही लिहा. काही फाइली ताशी ८ किलोमीटरने सुरू होऊन पुढची लेव्हल थेट ९ ला नेतात, त्यामुळे नुसत्या लेव्हलच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. वेग मात्र कुठेही तोच.

याच वेगावर सराव बेतता येतो. ताशी १२ किलोमीटर म्हणजे १५ सेकंदांत ५० मीटर. त्यात वळण्याचे कष्टही धरलेले असतात, म्हणून सरळ धावताना मी दहा टक्के वाढवते: ५५ मीटर. ऑडॅसिटीतच दर १५ सेकंदांना बीप असलेली सहा मिनिटांची दुसरी फाइल बनवा: एका बीपला धावायचं, पुढच्या बीपपर्यंत थांबायचं. म्हणजे बारा धावा. प्रत्येकासाठी त्याच्या वेगातून आलेल्या अंतरावर कोन, म्हणजे खुणेचा शंकू, ठेवायचा. बीप सगळ्यांना एकच, कोन ज्याचा त्याचा, त्यामुळे संथ मूलही वेगवान मुलाइतकंच दमतं आणि कुणी मागे राहिलेलं दिसत नाही. आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये किमान एक दिवस हलकं धावणं.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या. तेच मैदान, तेच बूट, तीच वेळ आणि तीच फाइल. त्या मुलीची चाचणी मी आठवड्याभराने नव्या फाइलवर पुन्हा घेतली. ताशी १२ च्या लेव्हलला ती अजून पळत होती.