चांदणीचं क्लोव्हर: ओळखताना आणि नाव लिहिताना या चुका टाळा

भूमध्य समुद्राकाठच्या खुरट्या झुडपांच्या माळावर (ग्रीसमध्ये त्याला फ्रिगाना म्हणतात) एप्रिल-मेमध्ये वीतभर उंचीचं, अंगभर लव असलेलं एक क्लोव्हर (मटारच्या कुळातली, तीन-तीन पानांची छोटी वनस्पती) दिसतं: ट्रायफोलियम स्टेलाटम. एका मोसमात उगवून संपणारं. त्यावरच्या तांबूस चांदण्या बघितल्या की फुलंच वाटतात, आणि पहिली चूक तिथेच होते. फिकट गुलाबी पाकळ्यांचं काम तोवर आटोपलेलं असतं. उरतो तो निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचं हिरवं वेष्टन. फळ धरताना त्याचे पाच टोकदार दाते चहूबाजूंना फाकतात. भिंग लावून मधोमध बघा. तोंडाशी पांढऱ्या केसांचा बोळा कोंबलेला आणि आत एकाच बीची इवलीशी शेंग.

म्हणजे झाड ऐन फुलात असताना चांदणी नसणारच. तेव्हा पानाच्या देठाशी असलेली उपपर्णं बघावीत: रुंद, कडा दातेरी. फुलोऱ्याला दांडा हवा. केसाळ फुलोरा पानांना टेकून, रुंद उपपर्णांच्या थाळीत बसल्यासारखा दिसला, तर ते दुसरं काही, बहुधा ट्रायफोलियम चेर्लेरी किंवा हिर्टम. नुसत्या फुलाचा फोटो काढून घरी आलात तर यातलं काहीच कळणार नाही.

तीन पानं दिसली की क्लोव्हर, ही आपली जुनी खोड. कुंडीतल्या आंबुशीलाही लोक क्लोव्हर म्हणतात. आंबुशीचं फूल पाच सारख्या पाकळ्यांचं, क्लोव्हरचं मटारच्या फुलासारखं. आंबुशीपेक्षा मेथी आणि लसूणघास क्लोव्हरच्या जवळच्या. गोठ्यातलं बरसीम तर ट्रायफोलियमच.

आता नाव. वनस्पतींना दोन शब्दी नावं देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस, त्यानं ते १७५३ साली दिलं. स्टेलाटम म्हणजे तारांकित. बरेच जण 'स्टेलाटस' लिहितात. ट्रायफोलियम हा लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी शब्द, आणि विशेषण त्याच्या मागे जातं. पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू म्हणणाऱ्यांना हे सांगायला नको! म्हणून पोआ या स्त्रीलिंगी गवताच्या नावापुढे प्राटेन्सिस ('कुरणातली'), पण ट्रायफोलियमपुढे प्राटेन्से. 'चेर्लेरी' मात्र विशेषण नव्हे, 'चेर्लर या माणसाचं' अशी षष्ठी आहे, ती लिंगाप्रमाणे बदलत नाही. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, दोन्ही तिरप्या टाइपात. नावानंतर टिंब देऊन लिहितात ते 'एल' (L.) म्हणजे नाव देणाऱ्या लिनियसचं संक्षिप्त रूप, ते सरळच ठेवायचं.