बहुपायरी पद्धत निवडण्यापूर्वी काय तपासावे

सामान्य अवकल समीकरण पायरी-पायरीने सोडवताना चौथ्या कोटीच्या (पायरी निम्मी केल्यास चूक साधारण सोळापट कमी होणाऱ्या) अ‍ॅडम्स–बॅशफोर्थ पद्धतीला दर पायरीला अवकलजाची एकच नवी किंमत काढावी लागते, तर त्याच कोटीच्या रुंगे–कुट्टा पद्धतीला चार काढाव्या लागतात. ही बचत मागच्या अनेक पायऱ्यांच्या किमती हाताशी ठेवल्यामुळे होते (म्हणूनच ही बहुपायरी पद्धत) आणि पद्धतीच्या बहुतेक अडचणीही तिथूनच येतात.

सर्वप्रथम शून्य-स्थिरता, म्हणजे पायरी कितीही लहान केली तरी छोटी चूक फुगत जात नाही ना, हे तपासावे. उदाहरणार्थ, नवी किंमत म्हणजे अलीकडच्या किमतीची −४ पट अधिक त्याआधीच्या किमतीची ५ पट, आणि त्यात अवकलजांची पदे, असे तिसऱ्या कोटीचे एक द्विपायरी सूत्र आहे. अवकलज शून्य धरून १ आणि १.०००१ या किमतींपासून सुरुवात केली, तर पुढे ०.९९९६, १.००२१, ०.९८९६ अशा किमती येतात आणि दहाव्या पायरीला उत्तर साधारण −१६२ होते. सूत्राच्या गुणकांपासून बनणाऱ्या बहुपदीचे (x² + ४x − ५) एक मूळ −५ असल्यामुळे चूक दर पायरीला सुमारे पाचपट होते. पायरी लहान केल्याने येथे काहीच साधत नाही. उलट पायऱ्या वाढून उत्तर आणखी बिघडते. गणितज्ञ डालक्विस्ट यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की शून्य-स्थिर व्यक्त (नवी किंमत थेट जुन्या किमतींवरून काढणाऱ्या) पद्धतीची कोटी तिच्या पायऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाही.

त्यानंतर समीकरण स्टिफ आहे का, म्हणजे त्यातल्या झपाट्याने मावळणाऱ्या घटकांमुळे अचूकतेला गरज नसतानाही पायरी फार लहान ठेवावी लागते का, हे पाहावे. ऱ्हासाचा दर १००० असेल, तर वरील अ‍ॅडम्स–बॅशफोर्थची पायरी ०.०००३ च्या आत ठेवावी लागते. रुंगे–कुट्टाला सुमारे ०.००२८ चालते, म्हणजे चौपट काम धरूनही तीच स्वस्त पडते. अशा वेळी अव्यक्त (नवी किंमत समीकरण सोडवून काढणाऱ्या) बीडीएफ म्हणजे पश्च-अवकलन सूत्रांच्या पद्धती घ्याव्यात, मात्र त्या सहाव्या कोटीपुढे शून्य-स्थिर राहत नाहीत, आणि कोणतीही ए-स्थिर (मावळणाऱ्या उत्तरासाठी पायरी कितीही मोठी घेतली तरी न बिघडणारी) रेषीय बहुपायरी पद्धत दुसऱ्या कोटीपलीकडे जात नाही (डालक्विस्ट, १९६३). उत्तर फारसे न मावळता आंदोलत असेल, तर बीडीएफची कोटी दोनवरच रोखणे मला अधिक सुरक्षित वाटते.

चौथ्या कोटीच्या बहुपायरी पद्धतीला सुरुवातीला लागणाऱ्या तीन जादा किमती रुंगे–कुट्टाने काढाव्यात. त्या साध्या ऑयलर पद्धतीने काढल्यास संपूर्ण उत्तराची अचूकता दुसऱ्या कोटीवर घसरते. पायरीची लांबी बदलायची झाल्यास जुन्या किमती अंतर्वेशनाने (ज्ञात किमतींवरून मधल्या किमती काढून) नव्या जाळीवर आणाव्या लागतात. समीकरणाच्या उजव्या बाजूत अचानक उडी असेल, तर साठवलेला इतिहास टाकून त्या बिंदूपासून पुन्हा नव्याने सुरुवात करावी.