‘तुमच्याकडे हे काय चाललंय?’ असं कुणी विचारलं तर

परदेशात नवीन आलेल्या माणसाला घर कसं शोधायचं, बँकेत खातं कसं उघडायचं, कोणते कागद कायम जवळ ठेवायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. लोक तुम्हाला तुमच्या देशाच्या राजकारणाविषयी विचारणार आहेत, आणि तेही पहिल्या पंधरा दिवसांतच, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मी देश सोडला त्याला आता १९ वर्षं झाली. मला टॅक्सीवाल्याने विचारलंय, घरमालकिणीने विचारलंय, दवाखान्यात रक्त काढून घेताना नर्सने विचारलंय. आपल्या नेत्याचं नाव बऱ्याच जणांना ठाऊक असतं, आणि नावापाठोपाठ प्रश्न येतो: ‘माणूस चांगला आहे की वाईट?’

पहिल्या वर्षी माझं या बाबतीत फार चुकलं. दुपारच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावर काम करणारी एक बाई माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘तुमच्याकडे निवडणुकीच्या वेळी एवढी मारामारी का होते?’ मला तो थेट आरोप वाटला. मी वीस मिनिटं बोलले. इतिहास सांगितला, शेजारी देशांचे दाखले दिले, शेवटी तिच्या देशात काय काय वाईट झालंय तेही ऐकवलं. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मी थांबल्यावर डबा बंद करत म्हणाली, ‘तुझ्या घरचे त्या भागात राहतात का, एवढंच विचारायचं होतं.’ पुढे कित्येक महिने तिने माझ्या देशाविषयी एक शब्दही काढला नाही, आणि त्याचं कारण मीच होते.

तेव्हापासून मी उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारते. ‘तुम्ही बातमीत पाहिलंत का काही?’ किंवा ‘नेमकं काय ऐकलंत?’ एवढंच. अगदी सहज, आवाज न चढवता. समोरच्याला खरंच काय हवंय ते त्याच्या उत्तरातून कळतं. कुणाला तुमच्या माणसांची काळजी असते. कुणाला फक्त संभाषण सुरू करायचं असतं आणि तुमच्या देशाबद्दल त्याला दुसरं काही माहीतच नसतं, कारण बातमी काही बिघडलं की मगच इतक्या लांब पोचते. आणि काही जणांना खरोखर भांडायचं असतं. त्यांना ओळखायलाही हाच प्रश्न कामी येतो, कारण ते उत्तर देत नाहीत, सरळ मत ठोकतात.

कधी कधी विचारणाऱ्याच्या प्रश्नामागे त्याचं स्वतःचं आयुष्य असतं. आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांसाठी मिळून एक लाँड्री रूम होती. तिथे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ भेटायचे, मूळचे चिलीचे. ११ सप्टेंबर १९७३ला तिथल्या लष्कराने सत्ता घेतली आणि पुढच्याच वर्षी हे देश सोडून निघाले. एका संध्याकाळी आम्ही मशीन थांबायची वाट पाहत बसलो होतो. ओली चादर झटकत त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे रात्री दार वाजलं तर लोक घाबरतात का?’ मी पक्ष, आघाड्या, निवडणुकीचे निकाल असलं काहीतरी सांगायच्या तयारीत होते. त्यांना त्यातलं काही नको होतं. त्यांच्या लेखी देश कसा चाललाय हे जोखायचं माप ते एकच होतं. मी थोडा विचार केला आणि सांगितलं की आमच्या घरी नाही घाबरत, पण घाबरणारी घरं असतील, मला ती माहीत नाहीत. त्यांनी मान हलवली आणि चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही ती मिळून घडी केली.

त्या उत्तराचा साचा मी अजून वापरते, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तोच देते. जे स्वतः पाहिलं ते ठामपणे सांगा, जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणून सांगा. तुमच्या देशाचं वकीलपत्र तुम्हाला कुणी दिलेलं नाही. परक्या ठिकाणी एकटं असताना आपणच आपला अख्खा देश आहोत असं वाटायला लागतं, आणि मग सरकारवरची टीका थेट आपल्या आईवडिलांवर केल्यासारखी लागते. ‘मी माझ्यापुरतं सांगते’ ही सुरुवात इथल्या भाषेत पाठ करून ठेवा. ‘यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत’ हेही एक चांगलं वाक्य आहे, कारण ते जवळजवळ नेहमीच खरं असतं.

पाठ करा असं म्हणते त्याला कारण आहे. परक्या भाषेत सुरुवातीला आपल्याकडे टोकाचेच शब्द असतात: चांगला, वाईट, चोर, धोकादायक. ‘मला त्यांचं अमुक धोरण पटत नाही, पण अमुक काम बरं झालं’ हे म्हणायला जी व्याकरणाची तयारी लागते ती पहिल्या वर्षी नसते. त्यामुळे मनात असतं त्यापेक्षा कितीतरी कडक मत तोंडातून बाहेर पडतं आणि लोक तेच लक्षात ठेवतात. म्हणून सत्ताधारी पक्ष, विरोधक, आघाडी, बहुमत, राज्यघटना या शब्दांना इथे काय म्हणतात ते पहिल्या महिन्यातच शिकून घ्या.

आणखी एक तयारी करा. मतापेक्षा माहितीचे प्रश्न जास्त येतात, आणि आपण तिथेच अडकतो. सरकारचा प्रमुख कोण, त्याला लोक थेट निवडतात की संसद, सभागृहं किती, मुदत किती वर्षांची? प्रत्येक जण दुसऱ्याचा देश आपल्या देशाच्या चौकटीतून पाहतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षच सरकार चालवतो. जर्मनीतही राष्ट्राध्यक्ष असतो, पण कारभार चान्सलरच्या हाती असतो आणि त्याची निवड संसद करते. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही असतात आणि राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडून देतात. त्यामुळे ‘तुम्ही त्याला मत का दिलंत?’ असं विचारणाऱ्याला कदाचित ठाऊकच नसेल की तुमच्या मतपत्रिकेवर त्या माणसाचं नाव नव्हतं. हे शांतपणे समजावून सांगितलं की निम्मा ताण तिथेच उतरतो. माझा तर अनुभव असा आहे की रचना कळल्यावर लोक मत विचारायचंच विसरतात, आणि तुमचं बघून स्वतःच्या देशाचं सांगू लागतात.

आता जे सांगायला जड जातं ते. देशाचा कैवार घेण्याइतकाच दुसरा एक मोह असतो, आणि तो जास्त गोड असतो: यजमानांना खूश करायला आपल्या देशाला नावं ठेवणं. मी तेही केलंय. एका मेजवानीत मी आमच्या पुढाऱ्यांच्या नकला केल्या, टेबल हसत होतं आणि मलाही बरं वाटत होतं. टेबलाच्या टोकाला माझ्याच देशातून नुकताच आलेला एक मुलगा बसला होता. तो हसत नव्हता. निघताना कोट घालत त्याने मला विचारलं, ‘ताई, यांच्यात बसायचं तर असं बोलावं लागतं का?’ मी त्याला काहीबाही उत्तर दिलं. ते उत्तर मला आठवत नाही, प्रश्न मात्र आठवतो. टीका जरूर करा, मीही करते. फक्त जी टीका तुम्ही घरच्या माणसांसमोर त्याच शब्दांत केली असती, तेवढीच इथे करा.

कायद्याकडे नीट लक्ष द्या. नवीन माणसाची सगळ्यात मोठी गफलत अशी की आपण आपल्याच देशाविषयी बोलतोय, म्हणजे इथल्या सरकारला त्याचं काय, असं त्याला वाटतं. जुलै २०२४मध्ये संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या बांगलादेशींनी आपल्या मायदेशातल्या सरकारविरुद्ध रस्त्यावर निदर्शनं केली. अमिरातीविरुद्ध त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. तरी अबू धाबीच्या न्यायालयाने काही दिवसांतच ५७ जणांना शिक्षा सुनावल्या: तिघांना जन्मठेप, ५३ जणांना १० वर्षं, एकाला ११ वर्षं. सप्टेंबरमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली आणि त्यांची मायदेशी रवानगी झाली. ज्या नोकरीसाठी ते तिथे गेले होते ती गेलीच.

सिंगापूरमध्ये हाँग लिम पार्कात २००० सालापासून ‘स्पीकर्स कॉर्नर’, म्हणजे जाहीर बोलण्यासाठी राखलेली जागा, आहे, पण तिथल्या निदर्शनांत नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच सामील होता येतं. बाकीच्यांना पोलिसांची परवानगी लागते. थायलंडच्या दंडसंहितेचं कलम ११२ राजा, राणी, वारस यांच्या अवमानाला ३ ते १५ वर्षांची कैद सांगतं आणि ते परदेशी माणसालाही लागू होतं. तेव्हा तिथे गप्पांच्या ओघात आपल्या नेत्याची त्यांच्या राजाशी तुलना करू नका, गमतीतही नाही. युरोपात मोकळीक जास्त आहे, पण मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचं कलम १६ परदेशी लोकांच्या राजकीय हालचालींवर निर्बंध घालायची मुभा सरकारांना देतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. मोर्च्यात पाऊल ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा: त्याला परवानगी आहे का, आणि तुमच्या प्रकारच्या व्हिसावर त्यात सामील होता येतं का. सोबत येणारा मित्र तिथला नागरिक असेल तर त्याचे नियम वेगळे आणि तुमचे वेगळे.

फोनवरचं बोलणंही बोलणंच धरा. मे २०१९च्या अखेरीपासून अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात मागच्या ५ वर्षांतली सोशल मीडियावरची नावं द्यावी लागतात, आणि जून २०२५पासून विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. अर्जात खोटं लिहू नका. लपवलेलं सापडलं तर मतापेक्षा लपवणं जास्त महागात पडतं.

विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी असताना विचारलं तेवढंच सांगा. कशासाठी आलात, किती दिवस, कुठे उतरणार. अधिकारी गप्पिष्ट असला तरी तो कामावर आहे हे विसरू नका. आणि कुठेही अटक झालीच, तर १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६प्रमाणे आपल्या वकिलातीला कळवा अशी मागणी करायचा तुम्हाला हक्क आहे. वकिलातीचा नंबर फोनमध्ये असतोच, पण अटकेत फोन काढून घेतात. तो कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

इथल्या लोकांपेक्षा आपलीच माणसं हा विषय जास्त अवघड करतात, हेही सांगून ठेवते. पहिल्याच भेटीत ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ असं विचारणारा गाववाला तुम्हाला भेटेल. इथे आपल्या भाषेत बोलणारी मोजकी घरं असतात; आजारपणात, मुलं सांभाळायला, घर बदलताना त्यांचीच मदत होते. एका निवडणुकीपायी त्या घरांशी बोलणं तुटलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती परत जुळायला वर्षं गेली. मी सरळ सांगते की आपली दोस्ती पक्की होईपर्यंत हा विषय नको. आजवर यावरून कुणी तोंड फिरवलेलं नाही. ग्रुपवर तर मी या विषयावर लिहीतच नाही, कारण तिथून निघालेला स्क्रीनशॉट कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.

आणि कुणी गप्प राहिलं तर त्याला डिवचू नका. काहींची माणसं मायदेशात असतात आणि इथे बोललेल्याची किंमत तिथे त्यांना मोजावी लागते. अशा माणसाला ‘घाबरतोस काय?’ म्हणणं फार क्रूर आहे. तुमचीच गत अशी असेल, तर ‘मला यावर बोलता येणार नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. कारण द्यायची गरज नाही.

शेवटी मताचं काय करायचं? ते मनात कुजू देऊ नका. परदेशातल्या नागरिकांना मतदानाची सोय तुमच्या देशात आहे का, नाव यादीत राहण्यासाठी काय करावं लागतं, हे वकिलातीत विचारा, आणि निवडणुकीच्या बरंच आधी विचारा.

लाँड्री रूममधल्या त्या गृहस्थांनी शेवटचं मत मार्च १९७३मध्ये दिलं होतं. परदेशातल्या नागरिकांना चिलीच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देता आलं ते २०१७ साली. नोव्हेंबरातला रविवार होता, आणि दर रविवारी ठरल्या वेळी तळघरात येणारे ते त्या दिवशी आले नाहीत. संध्याकाळी जिन्यात भेटले. इस्त्रीचा शर्ट, वर काळा कोट, हातात टोपी. मी विचारलं, ‘कुणाला दिलंत?’ ते म्हणाले, ‘ते नाही सांगणार,’ आणि कठड्याला धरून सावकाश वर गेले. त्यांच्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी खाली वाकून मला हाक मारली. म्हणाले, ‘चव्वेचाळीस वर्षांनी.’