अजिंठा-वेरूळचा बेत आखताना आधी वार पाहावा

छत्रपती संभाजीनगर आणि आसपासचा परिसर पाहायला येणाऱ्यांचा हिरमोड बहुतेक वेळा एकाच साध्या कारणाने होतो. अजिंठ्याची लेणी दर सोमवारी बंद असतात आणि वेरूळची दर मंगळवारी. शनिवार-रविवारला सुट्टी जोडून येणारी कुटुंबे नेमकी याच दोन दिवसांत अडकतात. म्हणून हॉटेल किंवा रेल्वेचे आरक्षण करण्यापूर्वी दिनदर्शिका पुढे घ्यावी आणि कोणत्या वारी कोठे जायचे ते ठरवावे. बाकीच्या गोष्टी त्यानंतर आपोआप जागेवर बसतात.

या प्रदेशाला किमान तीन पूर्ण दिवस द्यावेत. पहिला दिवस अजिंठा, दुसरा दिवस शहर आणि तिसरा दिवस दौलताबाद व वेरूळ, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. कारण अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची आहेत, शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांतील महत्त्वाचे काम साधारण सहाव्या-सातव्या शतकातले आहे आणि वेरूळचे कैलास आठव्या शतकातले. या क्रमाने पाहिल्यास दगडातली कला कशी बदलत गेली, हे कोणी समजावून न सांगताही लक्षात येते. बुधवारी सुरुवात केल्यास दोन्ही सुट्ट्या टळतात आणि शनिवार-रविवारची गर्दीही चुकते. रविवारी किंवा सोमवारी सुरुवात करणे भागच असेल, तर क्रम उलटा करावा, म्हणजे वेरूळ आधी आणि अजिंठा शेवटी.

अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. लेणी सकाळी ९ वाजता उघडतात, त्यामुळे शहरातून ६ च्या सुमारास निघावे. भुसावळच्या बाजूने येणाऱ्यांनी जळगावला उतरावे. तेथून अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे आणि लेणी पाहून संध्याकाळी शहरात मुक्कामाला येता येते. खासगी वाहन फर्दापूरच्या टी पॉइंटवर उभे करावे लागते आणि तेथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे सुमारे ४ किलोमीटर एस. टी. महामंडळाच्या बसने जावे लागते. पायऱ्या चढणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. दर आधी ठरवून घ्यावा.

सहलींची झुंबड १ आणि २ क्रमांकाच्या लेण्यांत सकाळीच उडते. म्हणून वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावरून सरळ २६ व्या लेण्यापर्यंत चालत जावे आणि तेथून मागे यावे. २६ मध्ये आत शिरताच डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचे सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प आहे. पहुडलेल्या बुद्धाच्या शांत चेहऱ्यावर नजर खिळून राहते हे खरे, पण त्याच्या खाली बसलेले शोकाकुल शिष्य एकेक करून पाहावेत. १७ वे लेणे चित्रांसाठी सर्वांत समृद्ध आहे, तेथे घाई करू नये. अंधाराला डोळे सरावायला काही मिनिटे लागतात, आणि त्या मिनिटांतच बहुतेक लोक ‘काही दिसत नाही’ म्हणून बाहेर पडतात. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. १० व्या लेण्यातील एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी कोरलेले आपले नाव आहे. ते आज माणसाच्या डोक्यापेक्षा उंचावर दिसते, कारण त्या वेळी लेणे गाळाने भरलेले होते आणि तो त्या गाळावर उभा होता. शेवटी १ क्रमांकात यावे. तोवर गर्दी पुढे सरकलेली असते आणि पद्मपाणी व वज्रपाणी या बोधिसत्त्वांच्या चित्रांसमोर थोडे निवांत उभे राहता येते.

शहराच्या दिवसाची सुरुवात औरंगाबाद लेण्यांपासून करावी. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात असलेल्या या लेण्यांकडे फारसे कोणी फिरकत नाही, हे आपल्या पथ्यावरच पडते. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीपुढे गुडघे टेकून बसलेल्या भक्तांचे जवळपास माणसाच्या आकाराचे गट आहेत. सातव्याच्या गाभाऱ्यात वादक स्त्रियांच्या मधोमध नाचणारी तारा ही बौद्ध देवी आहे. अजिंठा पाहून आलेल्याला या मूर्ती अधिक चांगल्या उमगतात. तेथून उतरताना वाटेवरच सोनेरी महाल लागतो, आणि त्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा शहराचा दिवस सोमवारी येत असेल तर आधी चौकशी करावी.

मकबऱ्याला दुपारनंतर जावे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर तिचा मुलगा आझमशहा याने सतराव्या शतकात बांधून घेतली. ताजमहालाशी तुलना करीत पाहिले तर पदरी निराशाच येते. त्यापेक्षा संगमरवर कोठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कोठे सुरू होतो हे जवळ जाऊन शोधावे; त्या गिलाव्यावरील वेलबुट्टी हीच या इमारतीची खरी श्रीमंती आहे. पाणचक्की आणि मलिक अंबरने उभारलेला भडकल दरवाजा परतीच्या वाटेवर आटोपता येतात.

तिसऱ्या दिवशी दौलताबादचा किल्ला उघडताच आत शिरावे, कारण ऊन चढल्यावर त्या पायऱ्या अंगावर येतात. विजेरी आणि पाणी सोबत हवे. शत्रूला चकवण्यासाठी खडकात खोदलेली ‘अंधारी’ ही भुयारी वाट वटवाघळांमुळे काहींना नकोशी वाटते, पण यादवांच्या देवगिरीचे महत्त्व तिच्याशिवाय कळणार नाही. वेळ कमी असेल तर माथ्यावरची बारादरी सोडावी, अंधारी सोडू नये.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर त्यांच्यावर थेट प्रकाश पडतो. म्हणून किल्ला आधी आणि वेरूळ नंतर. एकूण ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. सगळी पाहण्याचा अट्टहास करू नये. १०, १२, १५, १६, २९ आणि ३२ ही पुरेशी आहेत, आणि त्यांतही निम्मा वेळ १६ क्रमांकाच्या कैलासाला द्यावा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळाशी जोडले जाणारे हे मंदिर कळसाकडून पायाकडे कोरत आणले आहे. हे नुसते ऐकून पटत नाही. त्यासाठी लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेने वर जाऊन खाली पाहावे. मंडपाच्या छतावरील कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह वरूनच नीट दिसतात. खाली उतरल्यावर दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण आहे, आणि मंडपाच्या भिंतीवर त्याच बाजूस रामायणाचे, तर उत्तरेस महाभारताचे प्रसंग आहेत.

घृष्णेश्वराचे मंदिर लेण्यांपासून अगदी जवळ आहे, परंतु श्रावणात आणि सोमवारी दर्शनाच्या रांगेत दुपार निघून जाते. मार्च ते मे या काळात मराठवाड्याचे ऊन सोसवत नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सोयीचा हंगाम. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, मात्र लेण्यांच्या आतला प्रकाश कमी होतो.

चौथा दिवस हाताशी असेल तर आवडीप्रमाणे ठरवावे. लोणारचे विवर पाहायला अख्खा दिवस मोडतो. गौताळा अभयारण्यातील पितळखोरा लेण्यांची वाट उतरणीची आहे आणि ती लेणी अभ्यासूंनाच अधिक भावतात. घरातील वयस्कर माणसे सोबत असतील तर पैठण बरे: नाथांची समाधी, नाथसागर आणि मागावर पैठणी विणताना पाहणे, हे सारे फारशी दमछाक न होता एका दिवसात होते.